शिवणयंत्रांची वंशावळ



या व्यासपीठावरून गेले काही दिवस आपण राजकारण ऐकले, संतवाङ्मय ऐकले, गडकिल्ल्यांच्या गोष्टी ऐकल्या. आज मी आपल्यापुढे एक अगदी घरगुती विषय घेऊन उभा आहे. विषयपत्रिकेत ‘शिवणयंत्र’ हा शब्द वाचून माझ्या एका स्नेह्यांनी मला रस्त्यातच गाठले आणि विचारले, ‘‘अहो, यावर तासभर काय बोलणार? सुईत दोरा ओवायला शिकवणार की काय?’’ मी म्हटले, ‘‘सुरुवात तेथूनच करणार आहे. सुईचे नेढे कोठे असावे, या एका प्रश्नापायी युरोप-अमेरिकेतल्या शहाण्या माणसांनी साठ-सत्तर वर्षे डोकी झिजवली आहेत.’’

आपल्या गावात अशी कितीतरी घरे असतील, की जेथे कोपऱ्यात भरतकामाच्या झाकणाखाली एक काळे यंत्र उभे आहे. ते आजीने किंवा आईने घेतलेले असते. आज त्यावर कोणी बसत नाही. एके दिवशी भंगारवाला येतो, वजनावर पैसे देतो आणि यंत्र उचलून नेतो. खालचे ओतीव लोखंडी पाय हल्ली उपाहारगृहांच्या मेजांना लावतात आणि वरचे डोके वितळवायला जाते. नाणे सापडले तर ते कोणाचे, कोणत्या टांकसाळीचे, हे विचारायला आपण जाणत्याकडे धावतो. शिवणयंत्रावरही तशाच खुणा असतात. त्या वाचता येत नाहीत, एवढ्यासाठीच आपण ते मोडीत घालतो. त्या कशा वाचाव्यात हे सांगणे हा माझा आजचा हेतू. आणि त्या वाचताना मी स्वतः जी एक मोठी चूक केली, तीही मी आज आपल्याला सांगणार आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. हाताने शिवताना नेढे सुईच्या मागच्या टोकाला असते, कारण सुई कापडातून आरपार जाते आणि पलीकडच्या बाजूने बोटे तिला ओढून घेतात. यंत्राला बोटे नाहीत. म्हणून नेढे सुईच्या अणीजवळ आणावे, सुईने कापडात नुसते शिरावे, खाली दोऱ्याचा एक फास सोडावा आणि मागे फिरावे, अशी युक्ती निघाली. त्या फासातून दुसरा दोरा नेला, की दोन्ही दोरे एकमेकांना धरून राहतात आणि टाका पक्का बसतो. हा दुसरा दोरा वाहून नेणारा भाग म्हणजे शटल. आपल्या कोष्ट्यांच्या हातमागावरचा धोटा जे काम करतो, तेच काम हे चिमुकले शटल सुईखाली करते. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा; पुढे यंत्र ओळखताना हीच उपयोगी पडणार आहे.

इंग्लंडात थॉमस सेंट याने १७९० साली चामडे शिवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. पण ते कागद पेटंटांच्या दप्तरात असे काही गाडले गेले, की १८७४ पर्यंत त्यांचा कोणाला पत्ताच नव्हता. फ्रान्समध्ये बार्तेलमी थिमोनिये नावाच्या शिंप्याने १८३० मध्ये पेटंट मिळवले आणि सैन्याचे गणवेश शिवण्यासाठी पॅरिसमध्ये सुमारे ८० यंत्रांचा कारखाना थाटला. आपली पोटे जाणार या भीतीने तेथल्या शिंप्यांनी १८३१ साली त्या कारखान्यावर चाल करून यंत्रे मोडून टाकली. थिमोनिये १८५७ मध्ये दारिद्र्यात मेला. अमेरिकेत वॉल्टर हंट याने अणीजवळ नेढे असलेली सुई आणि शटल यांची जोडी १८३०च्या दशकातच जमवली होती, पण त्याने पेटंट घेतले नाही. शिवणकाम करून जगणाऱ्या गरीब बायका उपाशी मरतील म्हणून तो थांबला, असे सांगतात. आपल्या नित्य वापरातली सेफ्टी पिन याच हंटने पुढे १८४९ साली काढली.

त्यानंतर एलियस होव आला. त्याचे पेटंट १८४६ सालचे. होव आजारी आणि कफल्लक असताना त्याची बायको रात्र रात्र लोकांचे कपडे शिवून घर चालवीत असे आणि तिचा हात पाहता पाहता त्याला यंत्र सुचले, अशी कथा आहे. १८५१ मध्ये आयझॅक मेरिट सिंगर याने आपले यंत्र आणले, आणि त्याच सुमारास ॲलन विल्सन याने गोल फिरणारा आकडा आणि कापड पुढे सरकवणारे दात ही दोन मोठी सुधारणा केली. यांतला प्रत्येक जण दुसऱ्यावर फिर्याद करू लागला. शेवटी १८५६ मध्ये मुख्य कारखानदारांनी आपली पेटंटे एकत्र केली आणि प्रत्येक यंत्रामागे वाटणी ठरवून घेतली. ही जूट शेवटची पेटंटे संपेपर्यंत, म्हणजे १८७७ पर्यंत टिकली. तेव्हा शिवणयंत्राचा जनक कोण, या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही.

येथे आपल्या देशाशी संबंध असलेली एक गोष्ट सांगतो. महात्मा गांधींचा यंत्रांविषयीचा दृष्टिकोन आपणांस ठाऊक आहे. १९२४ साली दिल्लीत रामचंद्रन् नावाच्या विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की आपण सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात काय? तेव्हा गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. सिंगरने आपल्या पत्नीला टाक्यामागून टाका घालताना कष्टी झालेली पाहिले आणि तिच्यावरील प्रेमापोटी हे यंत्र निर्माण केले, अशा आशयाचे ते बोलले. आता गंमत अशी, की खरा सिंगर हा नाटकमंडळी घेऊन गावोगाव हिंडलेला नट. एकाच वेळी त्याचे एकाहून अधिक संसार चालू होते आणि त्यांतून वीसाहून अधिक मुले झाली. बायकोच्या कष्टांची कथा सांगतात ती होवची. लोकांच्या तोंडी ती सिंगरच्या नावावर चढली. तपशील चुकला असला, तरी यंत्राने बाईच्या डोळ्यांवरचा आणि बोटांवरचा भार हलका केला पाहिजे, हे गांधीजींचे म्हणणे चुकीचे नव्हते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र यातून एक धडा घ्यावा. यंत्रावर छापलेल्या नावावरून कथा रचू नये; यंत्राच्या अंगाकडे पाहावे.

सिंगरचे नाव घरोघर पोचले ते त्याच्या यंत्रापेक्षाही त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याच्या व्यापारी बुद्धीमुळे. क्लार्कने १८५६ मध्ये हप्त्यांनी यंत्र विकण्याची पद्धत सुरू केली. त्याच वर्षी त्याने जाहीर केले, की जुने यंत्र आणून द्या, नव्याच्या किमतीत ५० डॉलर सूट मिळेल. अशी परत आलेली यंत्रे पुन्हा बाजारात येऊ नयेत म्हणून मोडून टाकीत. आरंभीची यंत्रे आज इतकी दुर्मिळ का, याचे एक कारण हे आहे. म्हणजे आपला भंगारवाला काही पहिला नव्हे!

मागणी वाढली तशी कंपनीने स्कॉटलंडात क्लाइडबँक गावी किलबोवी येथे मोठा कारखाना बांधला. त्याचे काम १८८२ मध्ये सुरू झाले आणि १८८५ पर्यंत कारखाना चालू झाला. १९१३ साली त्या एका कारखान्यातून वर्षाला दहा लाखांहून अधिक यंत्रे बाहेर पडत होती. त्याचा उंच घड्याळी मनोरा १९६३ मध्ये पाडला आणि कारखाना १९८० मध्ये बंद झाला. आज तेथे सिंगर नावाचे रेल्वे स्टेशन तेवढे उरले आहे आणि गावच्या संग्रहालयात शिवणयंत्रांचा मोठा संग्रह आहे. हिंदुस्थानात आलेली सिंगर यंत्रे पुष्कळशी याच कारखान्यातली. त्यांचा हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन येथला व्यापार एन. एम. पटेल या पारशी गृहस्थांनी मुंबईहून दीर्घकाळ सांभाळला. आपल्याकडे हे यंत्र आधी शिंप्याच्या ओट्यावर आले आणि मग हळूहळू माजघरात शिरले. नामदेवरायांच्या काळापासून सुई, कातर आणि गज यांवर चाललेल्या धंद्यात ही चौथी वस्तू आली.

आता ओळखीच्या मुख्य विषयाकडे वळतो. जुने यंत्र समोर आले म्हणजे आपण प्रथम काय पाहतो? सोनेरी अक्षरांतले नाव. ते सगळ्यांत शेवटी पाहावे. पहिली गोष्ट, शटल. सुईखालच्या सरकत्या पट्ट्या बाजूला करा आणि चाक हळूच फिरवा.

शटल नावेच्या आकाराचे असेल आणि सरळ रेषेत ये-जा करीत असेल, तर ते फार जुन्या पिढीचे यंत्र. सिंगरने १८६५ मध्ये आणलेले ‘न्यू फॅमिली’, ज्याला संग्राहक बारा नंबर म्हणतात, ते या घराण्यातले. त्याला आजची साधी सुई चालत नाही. शटल बंदुकीच्या गोळीसारखे लांबट असेल आणि पाळण्यासारखा झोका घेत कंसात फिरत असेल, तर ती दुसरी पिढी. ही १८८५च्या सुमारास सुरू झाली. सत्तावीस आणि अठ्ठावीस नंबरची यंत्रे यातलीच. दोघांत फरक एवढाच, की सत्तावीस पूर्ण आकाराचे आणि अठ्ठावीस त्याच्या पाऊणपट. पुढे यांची सुधारलेली भावंडे निघाली, ती १२७ आणि १२८. ओळखायची सोपी खूण अशी, की दोरा भरायची चकरी जुन्या जोडीत खांबाच्या खालच्या बाजूला असते, तर नव्या जोडीत ती वर, हाताच्या चाकाशेजारी गेली आहे.

बॉबिन लांबट नसून गोल असेल, तर आपण तिसऱ्या पिढीत आलो. येथे दोन शाखा आहेत. पंधरा नंबरात गोल बॉबिन डबीत घालून ती डबी यंत्राच्या डाव्या टोकाकडून उभी बसवतात. सहासष्ट नंबरात ती वरूनच, पट्टी सरकवून आडवी ठेवतात. जुन्या बाजारात कधी नुसत्या बॉबिनांची पुरचुंडी मिळते. तीतूनही शाखा कळते: पंधराच्या बॉबिनच्या दोन्ही बाजू सपाट असतात, सहासष्टच्या किंचित फुगीर.

यांतल्या पंधरा नंबराचा वंशविस्तार सर्वांत मोठा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनी हाच साचा घेऊन लाखो यंत्रे केली आणि दुकानदार मागेल ते नाव त्यांवर लावून जगभर पाठवली. एकाच अंगाची शेकडो नावे झाली. आपल्या देशातही तेच वळण दिसते. १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्र काढले. आपल्या घरांतल्या साध्या काळ्या देशी यंत्राची डावी बाजू उघडून पाहा, उभी बसणारी गोल बॉबिनची डबी दिसेल. नाव स्वदेशी, पण चेहरा पंधरा नंबराचा. यात कमीपणा काही नाही. घराणे ओळखले म्हणजे त्याची सुई, बॉबिन आणि सुटे भाग कोठले चालतील हे कळते, आणि बंद पडलेले यंत्र पुन्हा चालू होते.

दुसरी गोष्ट, बैठक. यंत्राचे डोके ज्या सपाट लोखंडी पाट्यावर उभे असते, तो पाटा जुन्या यंत्रांत व्हायोलिनसारखा कमरेत बारीक असतो. पुढच्या काळात तो गोलसर कोपऱ्यांचा साधा चौकोन झाला.

तिसरी गोष्ट, क्रमांक. तो बहुधा पाट्याच्या उजव्या बाजूला, खांबाच्या पायथ्याशी कोरलेला असतो. सिंगरच्या क्रमांकाला अक्षर नसेल, नुसतेच आकडे असतील, तर यंत्र १९०० पूर्वीचे. १९०० पासून आकड्यांआधी अक्षर आले. एफ आणि वाय ही अक्षरे क्लाइडबँकची, जी अमेरिकेतल्या एलिझाबेथपोर्टचे, सी जर्मनीतल्या विटेनबर्गेचे. पुढे अक्षरे पुरेनात म्हणून दोन दोन आली. नाण्यावर टांकसाळीची खूण असते तशीच ही. नंबराच्या मागे के असेल, जसे पंधरा-के किंवा अठ्ठावीस-के, तर तो किलबोवीचा के. या क्रमांकांच्या तारखांच्या याद्या आज संग्राहकांनी प्रसिद्ध केल्या आहेत. मात्र एक सावधगिरी बाळगावी. यादीतली तारीख ही त्या क्रमांकांचा गठ्ठा कारखान्यात नेमून दिल्याची तारीख आहे. यंत्र त्यानंतर काही महिन्यांनी झालेले असू शकते, आणि विकले गेले असेल ते त्याहूनही उशिरा. ‘‘आमच्या यंत्राचा वाढदिवस अमुक तारखेला’’ असे म्हणून पेढे वाटू नयेत.

चौथी गोष्ट, नक्षी. काळ्या रंगावर सोनेरी वेलबुट्टी असते, तिचेही प्रकार ठरलेले आहेत. सत्तावीसवर पंख पसरलेला स्फिंक्स पुष्कळदा आढळतो. सहासष्टवर क्लाइडबँकमध्ये बहुधा कमळे, तर अमेरिकेत लाल डोळ्यासारखी रंगीत नक्षी. ही चित्रे रंगवलेली नसतात. ती कागदावरून उठवून त्यांच्यावर लाखेचा पारदर्शक थर दिलेला असे. ही लाख आपल्या देशाच्या जंगलांतून सर्व जगाला जात असे. म्हणजे परक्या यंत्रावरची चकाकी पुष्कळ वेळा येथूनच गेलेली!

हे सारे कळले म्हणजे आणखी एक लाभ होतो. माणूस अफवांना बळी पडत नाही. २००९ च्या एप्रिलमध्ये सौदी अरेबियात अशी आवई उठली, की जुन्या सिंगर यंत्रांत ‘लाल पारा’ नावाचा मौल्यवान पदार्थ असतो. यंत्राजवळ मोबाइल फोन नेल्यावर तो बंद पडला म्हणजे पारा आहे असे समजावे, ही त्याची परीक्षा! एकेका यंत्राला दोन लाख रियालपर्यंत बोली लागल्याच्या बातम्या आल्या. असा पदार्थ त्यांत कधीच नव्हता. आपल्याकडेही ‘‘शंभर वर्षांचे आहे, लाखाला जाईल’’ असे सांगणारे भेटतात. या यंत्रांची निपज वर्षाला लाखांनी होत होती, हे मघाशी आपण पाहिले. नुसत्या वयाने त्यांना किंमत येत नाही.

मग किंमत येते कशाने? याचे उत्तर मला ज्या प्रसंगातून मिळाले, तो आता सांगतो.

माझी एक आत्या होती. एकोणिसाव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी परत आली. त्या काळी पुण्यात सेवासदन होते. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली स्थापन केलेली ही संस्था बायकांना आपल्या पायांवर उभे राहायला शिकवीत होती. तेथे आत्या शिवण शिकली. १९३६ मध्ये तिने एका शिंप्याकडून हाताने फिरवायचे जुने यंत्र घेतले आणि दर महिन्याला थोडे थोडे करून त्याचे पैसे फेडले. पुढची पन्नास वर्षे ते यंत्र आमच्या माजघरात चालले. गल्लीतली झबली, परकर, पोलकी, शाळेचे गणवेश त्यावर निघाले. माझ्या वडिलांची नोकरी सुटली होती त्या दोन वर्षांत आम्हा भावंडांची फी त्या यंत्राने भरली. हे वडिलांनी कधी बोलून दाखवले नाही. मला ते आईकडून पुष्कळ उशिरा कळले.

आत्या गेल्यावर यंत्र माझ्याकडे आले. तोवर मला संग्रहाचा नाद लागला होता. मी शटल पाहिले: गोळीसारखे. आकार पाहिला: पाऊण. चकरी पाहिली: खाली. अठ्ठावीस-के. क्रमांकाला एफ, यादीत साल १९११. मोठ्या आनंदाने मी हे सारे वहीत टिपून घेतले. मग मला वाटले, की एवढे चांगले यंत्र मळके का असावे? मी स्पिरिटचा बोळा घेऊन ते पुसायला बसलो. लाख स्पिरिटात विरघळते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. बोळ्याबरोबर वेलबुट्टीही निघून आली. घाबरून मी यंत्र एका कारागिराकडे नेले. त्याने मी सांगितले तसे पाटा घासून गुळगुळीत केला, वर काळा चकचकीत रंग दिला आणि त्याच्याजवळ होती ती सोनेरी चित्रे चिकटवली. ती निघाली स्फिंक्सची! यंत्र नव्यासारखे दिसू लागले. मी ते दिवाणखान्यात ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागलो.

एकदा आत्याची एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. वय सत्तरीच्या पुढे. तिने यंत्रावरून हात फिरवला आणि विचारले, ‘‘रेघा कुठं गेल्या?’’ मला कळेना. ती म्हणाली, ‘‘अरे, ताईंनी सुईच्या उजव्या अंगाला पाट्यावर तीन रेघा ओढल्या होत्या, दाभणानं. पहिली मोठ्यांच्या कपड्यांची, दुसरी मुलांच्या, आणि तिसरी, सगळ्यांत लांबची, ज्यांच्याकडे एकच कपडा दोन-तीन वर्षं चालवायचा असे त्यांच्या मुलांची. त्या रेघेवर कड धरून शिवायचं. म्हणायच्या, यांना माया जास्त ठेवा.’’

भगिनींना हा शब्द समजावून सांगायला नको. बंधूंसाठी सांगतो. शिवण घातल्यावर आतल्या बाजूला जी जादा पट्टी सोडतात, तिला माया म्हणतात. मूल वाढले, की ती शिवण उसवून कपडा मोठा करता येतो. आत्याने गरिबांच्या मुलांसाठी किती माया ठेवायची, हे त्या लोखंडावर ओढून ठेवले होते, आणि मी ते मळ आणि ओरखडे समजून घासून टाकले. त्यातून वर खोटी नक्षी लावली. उद्या माझ्यामागे कोणी जाणता ते यंत्र पाहील, तर त्याला १९११ साल कळेल, किलबोवी कळेल, पण स्फिंक्स पाहून तो फसेल आणि माझ्या आत्याविषयी त्याला काहीच कळणार नाही.

त्या दिवसापासून मी यंत्राकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. पाट्याच्या पुढच्या कडेची नक्षी झिजली असेल, तर तेथून वर्षानुवर्षे कापड सरकले आहे. टाचण्यांचे बारीक ओरखडे असतील, तर कोणी घाईने, टाचण्या न काढता शिवले आहे. खणात मोडकी बटणे असतील, फीत असेल, कोणाची मापे लिहिलेला चिठोरा असेल. संग्राहकाच्या लेखी हा कचरा. मला तो आता दप्तर वाटतो. आणि मग यंत्र जेथे जन्मले त्या टोकाकडेही माझे लक्ष गेले. १९११ च्या मार्चमध्ये, म्हणजे माझ्या यंत्राच्या क्रमांकाच्याच वर्षी, क्लाइडबँकच्या कारखान्यात लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या बारा बायकांवर कामाचा बोजा वाढवण्यात आला. त्यांनी काम थांबवले. त्यांच्या पाठोपाठ सुमारे ११,००० कामगार संपावर गेले. काही आठवड्यांत तो संप फसला आणि पुढाकार घेणाऱ्या अनेकांची नोकरी गेली. आत्याच्या यंत्राची पेटी त्यांच्यापैकी कोणाच्या हातची होती की नाही, हे यंत्र सांगत नाही. पण ती पेटी मी पुन्हा रंगवली नव्हती. तिचे पॉलिश अजून तसेच आहे, आणि ते पाहताना एका टोकाला त्या बारा बायका आणि दुसऱ्या टोकाला माझी आत्या मला दिसते. मध्ये कंपनीच्या सगळ्या याद्या आहेत, आणि त्यांत यांतल्या एकीचेही नाव नाही.

कारखान्याने यंत्राला क्रमांक दिला, कारण त्याला हिशेब ठेवायचा होता. तो हिशेब चोख आहे आणि आपण तो वाचायला शिकले पाहिजे. नाही तर आपण स्फिंक्सला भुलू आणि लाल पाऱ्यामागे धावू. पण त्या यंत्रावर कोणी काय शिवले, कोणासाठी शिवले आणि त्यातून कोणाचा संसार उभा राहिला, याचा हिशेब कोणत्याही कारखान्याने ठेवलेला नाही. तो आपल्या घरांत आहे, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे, आणि तो भंगाराहूनही लवकर नाहीसा होतो.

म्हणून माझी आपल्याला एक साधी विनंती आहे. आज घरी गेल्यावर यंत्रावरचे झाकण काढा. स्पिरिट, रॉकेल, पॉलिशचा कागद, काही काही लावू नका. कोरड्या मऊ फडक्याने धूळ तेवढी टिपा आणि फिरणाऱ्या भागांत शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडा. क्रमांक पाहा, शटल पाहा, आणि कागदावर लिहून ठेवा. त्याच कागदावर, त्याच्याखाली, लिहा: हे कोणी घेतले, कोणत्या साली, पैसे कसे फेडले, त्यावर काय काय शिवले. घरात सांगणारे कोणी असेल तर आजच विचारा. तो कागद यंत्राच्या खणात ठेवा. मग यंत्र ठेवा, विका, नाही तर कोणा गरजूला द्या. कागद मात्र त्याच्याबरोबर जाऊ द्या. इतिहास लिहिताना पुढे येणाऱ्यांसाठी थोडी माया आपणही ठेवली पाहिजे.